खर्च कुठे लिहिला आहे, ते आधी पाहा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: केंद्र सरकार दरवर्षी लाखो कोटींचं कर्ज काढतं. एक पक्ष म्हणतो, गरिबांच्या योजनांनी तिजोरी रिकामी होते. दुसरा म्हणतो, उद्योगांच्या सवलतींनी होते. मग बेजबाबदार खर्च नेमका कोणता, आणि अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाने तो ओळखायचा कसा?

माझी तीस वर्षं सरकारी हिशेबाच्या कामात गेली, त्यातली बरीचशी दिल्लीत मंत्रालयांच्या वित्त शाखांमध्ये. प्रस्तावांवर टिपणं लिहिली, बिलं पास केली, काही अडवली. या काळात मला एक गोष्ट पटत गेली. धान्य, रस्ते, तोफा, करसवलत, शिष्यवृत्ती यांपैकी कुठलाही खर्च जबाबदारीने करता येतो आणि कुठलाही बेजबाबदारपणे. खर्च मान्य झाला, पण तो कोणी, कधी आणि किती वर्षं भागवायचा हे हिशेबात लिहिलं गेलं नाही, की घसरण तिथून सुरू होते. तुटीचा आकडा त्यानंतर येतो, आणि कित्येकदा तो खरं काय घडलं ते सांगतही नाही.

आधी हे पाहू, की सरकारच्या हातात निवडीला मुळात उरतं किती. २०२५-२६ चा अर्थसंकल्प घेऊ. एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये, आणि कर्ज सोडून सगळी जमा ३४.९६ लाख कोटी. मधला १५.६९ लाख कोटींचा फरक म्हणजे राजकोषीय तूट, जीडीपीच्या (देशात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या) ४.४ टक्के. आता खर्चाची बाजू. नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी. महसुली जमा, म्हणजे कर आणि इतर नेहमीचं उत्पन्न, ३४.२० लाख कोटींची आहे, म्हणजे हाती येणाऱ्या दर शंभर रुपयांतले सदतीस रुपये व्याजातच जातात. निवृत्तिवेतन २.७७ लाख कोटी. निवृत्तिवेतन वगळून संरक्षण ४.९२. धान्यावरचं अनुदान २.०३ आणि खतावरचं १.६८. एवढ्या पाच ओळींची बेरीज २४ लाख कोटींच्या वर जाते. महसुली जमेतले उरले दहा लाख कोटी. त्यात बाकीच्या कर्मचाऱ्यांचे पगार, राज्यांना अनुदानं, शाळा, दवाखाने, नळपाणी, घरकुल, रोजगार हमी, शेतकऱ्यांचा सन्मान निधी, शिष्यवृत्त्या, सगळं काही. रस्ते आणि रेल्वे अजून बाकीच आहेत.

व्याज हा राज्यघटनेच्या भाषेत भारित खर्च आहे. लोकसभा त्यावर चर्चा करू शकते, मतदान करू शकत नाही. ही तरतूद योग्यच आहे, कारण घेतलेलं कर्ज फेडायचं की नाही यावर दरवर्षी मत घेतलं तर पुढच्या वेळी कर्ज कोण देईल? पण तिचा अर्थही समजून घ्या. आधीच्या सरकारांनी केलेल्या निवडी आजच्या सरकारच्या ताटातला सर्वांत मोठा घास आधीच उचलून घेतात. निवडणुकीच्या सभांमध्ये अर्थसंकल्प म्हणजे मोकळं मैदान आहे असं समजून बोललं जातं. प्रत्यक्षात मैदानाचा मोठा भाग आधीच कुंपण घालून ठेवलेला असतो.

मग कर्ज काढणं वाईटच का? 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे घराला लागू पडतं, देशाला अर्धवट. घरातला कर्ता माणूस निवृत्त होतो, सरकार होत नाही. आणि देशाचं अंथरूण दरवर्षी थोडं वाढतं. हे गणित कोणालाही वहीवर मांडता येईल. मार्च २०२५ अखेर केंद्राचं कर्ज जीडीपीच्या सुमारे ५७ टक्के धरलं होतं. पुढच्या वर्षी महागाई धरून जीडीपी दहा टक्क्यांनी वाढला, तर तेच जुनं कर्ज ५७ भागिले १.१, म्हणजे साधारण ५१.८ टक्क्यांवर येतं. त्यात नव्या वर्षाची उचल ४.४ मिळवा. झाले ५६.२. अर्थसंकल्पाच्या कागदांतला अंदाज ५६.१ होता. तूट असूनही कर्जाचं प्रमाण घटलं. आता हाच हिशेब आठ टक्के वाढ धरून करा, उत्तर ५७ च्या थोडं वर येतं. दोन टक्क्यांनी वाढ हुकली आणि प्रमाण उतरायचं थांबलं.

म्हणून ४.४ टक्के हा आकडा पापही नाही आणि पुण्यही नाही. वाढ दहा टक्के आणि तूट तेवढीच राहिली तर प्रमाण कधीतरी ४८ च्या आसपास स्थिरावेल, पण फार सावकाश. सहा वर्षांत ते ५३ पर्यंतच उतरतं. केंद्राने मार्च २०३१ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर, एखादा टक्का इकडेतिकडे, आणायचं ठरवलं आहे. ते व्हायचं असेल तर तूट आणखी खाली न्यावी लागेल, किंवा वाढ जास्त हवी. तिसरा मार्ग नाही.

व्याजाबद्दल आणखी एक बाब, जी चर्चेत सहसा येत नाही. केंद्राचं कर्ज बहुतेक देशातलंच आहे. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी हे त्याचे मोठे धनको, म्हणजे शेवटी ज्यांची बचत आहे ते लोक. व्याज मात्र सगळ्यांच्या करातून जातं, आणि त्यात साबण, चप्पल, मोबाईल रिचार्ज यांवरचा जीएसटी भरणारा बिनबचतीचा माणूसही आहे. 'कर्ज आपण आपल्यालाच देणं लागतो' हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे. देणारा 'आपण' आणि घेणारा 'आपण' एकच नसतात. कर्ज वाढतं तेव्हा ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पैसा सरकत जातो. गरिबांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच व्याजाच्या रकमेबद्दल सर्वांत जास्त जागरूक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तरीही तूट वाढवणं कधी कधी कर्तव्य ठरतं. २०२०-२१ मध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली. महासाथीत कर आटले होते, लोकांना धान्य हवं होतं. त्या वर्षी तूट तीन टक्क्यांत ठेवायचा हट्ट धरला असता तर तो निर्दयपणा झाला असता. खर्च संकटाइतकाच तात्पुरता असेल, तर तो नंतर मागे घेता येतो. २००८-०९ ची गोष्ट वेगळी होती. २००७-०८ मध्ये तूट अडीच टक्क्यांपर्यंत उतरली होती. मग एका वर्षात शेतकरी कर्जमाफी, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, तेल आणि खतांच्या अनुदानांचा भडका आणि जागतिक मंदीवरचा उतारा म्हणून दिलेली करकपात, हे सगळं एकत्र आलं. तूट सहा टक्क्यांवर गेली आणि पुढच्या वर्षी आणखी वर. मंदीवर उपाय म्हणून केलेला खर्च थांबवता आला असता. वाढलेले पगार आणि अनुदानं थांबणारी नव्हती. २०१२ पर्यंत महागाई दहा टक्क्यांच्या घरात पोचली होती, आणि त्या वर्षी अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीला तूट कशी उतरवायची याचा आराखडा करून द्यावा लागला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया डॉलरला ६८ च्या पुढे घसरला, तेव्हा बाहेरच्या धक्क्याला तोंड द्यायला आपल्याकडे जागाच उरली नव्हती.

आता मूळ मुद्दा, हिशेबाबाहेर ठेवलेला खर्च. माझ्या मते राष्ट्रीय राजकारणातला खरा बेजबाबदारपणा इथे आहे, आणि तो कुठल्या एका पक्षाचा नाही.

२००५ ते २०१० या काळात पेट्रोल, डिझेल, केरोसीन आणि गॅस खर्चापेक्षा कमी दराने विकले जात होते. तेल कंपन्यांचा तोटा सरकारने भरून द्यायचा होता. रोख देण्याऐवजी कंपन्यांना रोखे, म्हणजे पुढे व्याजासह पैसे देण्याची लेखी वचनं, दिले गेले. रोख दिले असते तर ते अनुदान म्हणून त्या वर्षीच्या तुटीत दिसलं असतं. रोखे दिल्यामुळे त्या वर्षी तूट तेवढी दिसली नाही, पण सव्वा लाख कोटींहून अधिक देणं उभं राहिलं. त्याची परतफेड २०२५-२६ पर्यंत चालली. ज्या मुलाचा जन्म स्वस्त डिझेलच्या त्या वर्षांत झाला, तो कर भरायच्या वयाला आला तेव्हा ते डिझेल फिटलं.

सरकार बदललं, पद्धत दुसऱ्या रूपात सुरू राहिली. २०१६-१७ पासून अन्न महामंडळाला धान्याच्या अनुदानाची पूर्ण रक्कम देण्याऐवजी अल्पबचतीच्या निधीतून कर्ज दिलं जाऊ लागलं. तुमच्या-आमच्या पोस्टातल्या बचतीचा पैसा महामंडळाकडे गेला, महामंडळाने त्यातून गहू-तांदूळ घेतला, आणि अर्थसंकल्पात अनुदान कमी दिसलं. मार्च २०२० पर्यंत हे कर्ज अडीच लाख कोटींच्या आसपास गेलं होतं. महामंडळ धान्य तोट्यातच वाटतं, त्याचं कामच ते आहे. मग ते कर्ज फेडणार कोण होतं? सरकारच. रस्त्यांचंही असंच झालं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या डोक्यावर साडेतीन लाख कोटींच्या जवळ कर्ज चढलं, जे केंद्राच्या तुटीत कुठेच नव्हतं.

श्रेय द्यायला हवं ते दिलंच पाहिजे. २०२१ च्या अर्थसंकल्पात केंद्राने अन्न महामंडळाचं हे देणं स्वतःच्या हिशेबात घेतलं. २०२०-२१ साठी धान्य अनुदानाची मूळ तरतूद १.१५ लाख कोटी होती, प्रत्यक्ष आकडा ५.४१ लाख कोटी झाला. त्यात महासाथीतलं मोफत धान्य होतंच, पण मोठा वाटा जुनी थकबाकी चुकवण्याचा होता. त्या वर्षीची तूट फुगलेली दिसली, म्हणून वर्तमानपत्रांत टीका झाली. माझ्यासारख्या हिशेबनीसांना मात्र कित्येक वर्षांनी खरा आकडा पाहायला मिळाला. पुढे महामार्ग प्राधिकरणाचं नवं कर्जही थांबवून त्याला थेट अर्थसंकल्पातून पैसे देणं सुरू झालं. लपवलेला खर्च उघड्यावर आणला की तूट वाढते आणि जबाबदारीही वाढते, हे एकाच वेळी घडू शकतं. तुमच्या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर मला त्या वर्षाच्या कागदांत दिसतं.

याच जातीची आणखी एक सवय आहे, बिल थकवण्याची. सरकारचा हिशेब रोखीचा असतो. पैसा तिजोरीतून बाहेर गेला तरच खर्च लिहिला जातो. काम झालं, बिल आलं, मंजूर झालं, पण ३१ मार्चच्या आत पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षाच्या तुटीत ते दिसत नाही. तूट ठरलेल्या टक्क्यात बसवायची असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बिलं पुढच्या वर्षावर ढकलण्याचा मोह फार मोठा असतो. मी स्वतः अशा फायली पाहिल्या आहेत, ज्यांच्यावर 'नवीन आर्थिक वर्षात सादर करावे' एवढंच लिहून त्या परत पाठवल्या गेल्या. खत कंपन्यांचे पैसे असे राहतात. त्याहून वाईट म्हणजे रोजगार हमीच्या मजुरांचे राहतात. कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी द्यायची होती. ज्या बाईने मे महिन्याच्या उन्हात बांध घातला, तिची मजुरी थकते तेव्हा ती बाई भारत सरकारला बिनव्याजी कर्ज देत असते. तूट आटोक्यात ठेवल्याची घोषणा होते, तेव्हा मला पहिल्यांदा थकबाकीचा तक्ता पाहावासा वाटतो.

योजना मंजूर करतानाच्या टप्प्यावरही हेच घडतं. एका मंत्रालयाच्या वित्त शाखेत असताना माझ्याकडे देशभर प्रशिक्षण केंद्रं बांधायचा प्रस्ताव आला होता. इमारतींचा खर्च चोख होता, चौरस फुटापर्यंत. आवर्ती खर्चाच्या रकान्यात मात्र, म्हणजे शिक्षक, वीज, पाणी, देखभाल यांसाठी, एकच ओळ होती: 'राज्य शासनांकडून भागवला जाईल.' राज्यांची संमतीपत्रं जोडलेली नव्हती. मी विचारणा केली. उत्तर आलं की राज्यांशी बोलणी सुरू आहेत आणि उद्घाटनाची तारीख ठरली आहे. माझ्या टिपणावर चर्चा झाली, प्रस्ताव तसाच मंजूर झाला. पाच-सहा वर्षांनी त्यातल्या एका केंद्राच्या जिल्ह्यात जाणं झालं. इमारत उभी होती, शिक्षकांच्या जागा मंजूर झालेल्या नव्हत्या, खोल्यांत निवडणुकीचं सामान ठेवलेलं होतं. तो खर्च भांडवली, म्हणजे टिकाऊ मालमत्ता उभारणारा, म्हणून लिहिला गेला होता, म्हणजे कागदोपत्री चांगल्या प्रकारचा खर्च.

उलट एक उदाहरण आपल्याच राज्याचं, महाराष्ट्राचं आहे, आणि राष्ट्रीय चर्चेत ते यायला हवं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना पसरली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे तिच्यामागे होते. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ मध्ये लागू झाला. काम मागणाऱ्याला काम द्यायचं हे वचन फार मोठं होतं, पण ते देताना पैसा कुठून येणार हेही राज्याने ठरवलं होतं. शहरांतल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने स्वतःकडून घालायची असं ठरलं. तुमच्या पगारपत्रकात आजही ती कपात दिसते. खेड्यातल्या दुष्काळासाठी शहराने भरलेला तो वाटा होता, आणि विधिमंडळात उघडपणे मंजूर झाला होता. केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हक्क दिला, पण त्याच्यासाठी असा वेगळा कर ठेवला नाही. परिणामी दरवर्षीची तरतूद इतर खात्यांशी ओढाताण करून ठरत गेली आणि वर्ष संपताना मजुरी थकत गेली.

'पण आपल्याकडे वित्तीय जबाबदारीचा कायदा आहे ना?' असं अनेक जण विचारतात. आहे. २००३ मध्ये संसदेने केला, २००४ च्या जुलैत लागू झाला. तूट तीन टक्क्यांवर आणणं आणि महसुली तूट शून्य करणं ही त्याची मूळ उद्दिष्टं होती. मंदीत ती बाजूला पडली, २०१२ मध्ये आणि २०१५ मध्ये तारखा पुढे गेल्या, आणि २०१८ च्या दुरुस्तीत महसुली तुटीचं उद्दिष्टच काढून टाकलं गेलं. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत जास्त खुपते. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवायला काढलेलं कर्ज. २०२५-२६ मध्ये १५.६९ लाख कोटींच्या उचलीतले सव्वापाच लाख कोटी या कामी लागणार होते. घर बांधायला काढलेलं कर्ज आणि किराणा भरायला काढलेलं कर्ज यांतला फरक सगळ्यांना कळतो. तो फरक दाखवणारी ओळ कायद्यातून गेली, आणि त्यावर म्हणावी तशी चर्चाही झाली नाही.

अर्थात 'भांडवली' हा शिक्काही डोळे मिटून मानू नका. २०२१-२२ च्या भांडवली खर्चात सुमारे ५२ हजार कोटी रुपये एअर इंडियाची जुनी देणी फेडायला गेले होते. देणी फेडणं आवश्यकच होतं, पण त्यातून एक किलोमीटर रस्ता झाला नाही.

वित्तीय जबाबदारीच्या कायद्यात उद्दिष्ट चुकलं तर अर्थमंत्र्यांनी संसदेत निवेदन करायचं, एवढंच आहे. दंड नाही, आणि तो नसावाही. निवडून आलेल्या सरकारला टक्केवारीसाठी शिक्षा करता येत नाही. हवी ती एक स्वतंत्र संस्था, जी अर्थसंकल्पातली गृहीतकं तपासेल आणि 'ही करवसुली होणार नाही' असं वर्ष सुरू होण्याआधी जाहीरपणे सांगेल. ब्रिटनमध्ये २०१० पासून अशी संस्था आहे, अमेरिकेत १९७४ पासून संसदेचं स्वतंत्र कार्यालय आहे. आपल्याकडे वित्त आयोगांनी आणि या कायद्याचा आढावा घेणाऱ्या एन. के. सिंह यांच्या समितीने अशाच संस्थेची, वित्तीय परिषदेची, शिफारस केली. ती फाइलीतच राहिली. महालेखापरीक्षक आपलं काम करतात, पण ते खर्च झाल्यावर. २००८ च्या कर्जमाफीत अपात्र लोकांना लाभ मिळाला आणि पात्र शेतकरी वगळले गेले, हे त्यांच्या अहवालातून २०१३ मध्ये कळलं. शिवाय पूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टरांची होती. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन जास्त आणि उत्पन्न कमी, तो त्या रेषेच्या पलीकडे राहिला. ज्यांच्या आत्महत्यांनी हा विषय दिल्लीत पोचवला, त्यांतल्या अनेकांना पूर्ण माफी मिळालीच नाही. खर्च करताना घाई झाली की गरीबही सुटतो आणि पैसाही जातो.

आता गरिबांच्या योजना विरुद्ध उद्योगांच्या सवलती. हिशेबनीस म्हणून मी दोन्हींना एकच प्रश्न विचारतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांचा करदर २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनेच १.४५ लाख कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल असं सांगितलं होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, त्यात सुमारे एक लाख कोटी सोडले. एक्याऐंशी कोटी लोकांना महिन्याला पाच किलो मोफत धान्य पाच वर्षं देण्याचा अंदाज होता ११.८ लाख कोटींचा, म्हणजे वर्षाला अडीच लाख कोटींच्या आत. सोडलेला कर हाही खर्चच आहे. फरक एवढाच, की धान्याच्या तरतुदीवर दरवर्षी लोकसभेत मतदान होतं, आणि एकदा दिलेली करसवलत पुन्हा मतदानाला येत नाही. ती तशीच चालू राहते. २००६ पासून अर्थसंकल्पासोबत सवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचं निवेदन दिलं जातं, पण ते वाचलं जात नाही. मला विचाराल तर भुकेल्याला धान्य देणं हा देशाचा पहिला खर्च आहे आणि तो कराच्या पैशातूनच व्हावा. सवलतीला मात्र मुदत हवी, आणि मुदत संपली की ती का चालू ठेवायची हे पुन्हा सिद्ध करावं लागावं.

हे सगळं ज्या सभागृहात तपासलं जायला हवं, तिथेच वेळ सर्वांत कमी मिळतो. मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्यांपैकी, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणाऱ्या प्रस्तावांपैकी, मोजक्याच चर्चेला घेतल्या जातात, बाकी सगळ्या ठरलेल्या दिवशी एकदम मतदानाला टाकून मंजूर होतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर गदारोळात एकाही मागणीवर चर्चा न होता संपूर्ण अर्थसंकल्प लोकसभेने मंजूर केला. दोन्ही वेळी गोंधळ कोणी घातला यावर दिवसभर वाद झाला. माझ्या दृष्टीने दोन्ही बाजूंच्या खासदारांनी त्या दिवशी जनतेचा सर्वांत मोठा हक्क सोडून दिला. राजाला कर लावायचा असेल तर आमची संमती घे, या मागणीतून संसदा जन्मल्या.

चर्चा नसली की कात्री कुठे लागते, हे मी जवळून पाहिलं आहे. वर्षाच्या मध्ये वसुली कमी पडली, की व्याजाला हात लावता येत नाही, पगाराला नाही, निवृत्तिवेतनाला नाही. कात्री लागते ती देखभालीला, रिक्त पदांच्या भरतीला, प्रयोगशाळांच्या रसायनांना, शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या हप्त्याला. यांच्यामागे कोणी मोर्चा आणत नाही. पूल कोसळतो तेव्हा बातमी होते, पण त्याच्या दुरुस्तीचे पैसे तीन वर्षांपूर्वी कापले गेले त्या दिवशी कोणालाही कळत नाही.

तुम्ही कसं ओळखायचं, हे विचारलं होतंत. अर्थमंत्र्यांचं भाषण ऐका, पण त्यावर थांबू नका. त्याच दिवशी संकेतस्थळावर सगळे कागद येतात. 'अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात' या छोट्या पुस्तिकेत महसुली तूट आणि राजकोषीय तूट शेजारी शेजारी दिलेल्या असतात. पहिलीचं दुसरीशी प्रमाण काढा, ते घटतंय का पाहा. मग खर्चाच्या तपशिलातलं २७ क्रमांकाचं विवरण उघडा. सरकारच्या वतीने इतर संस्थांनी घेतलेलं कर्ज तिथे नोंदवलेलं असतं. त्यानंतर तुम्हाला जिव्हाळ्याची वाटणारी एकच योजना निवडा आणि तिचे तीन आकडे एका ओळीत लिहा: मागच्या वर्षी मूळ तरतूद किती होती, सुधारित अंदाज किती झाला, आणि दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्षात किती खर्च झाले. घोषणा आणि खर्च यांतलं अंतर त्या तीन आकड्यांत दिसतं. डिसेंबरच्या आसपास पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेला जादा खर्च, येतात, त्याही पाहा. फेब्रुवारीत ठाऊक असलेला खर्च डिसेंबरात 'अनपेक्षित' म्हणून आला असेल, तर मूळ आकडा मुद्दाम कमी दाखवला होता हे उघड आहे.

आणि प्रचाराला उमेदवार तुमच्या दारी येईल तेव्हा त्याच्या वचनाचा पहिल्या वर्षाचा खर्च विचारू नका, तो त्याने पाठ केलेला असतो. पाचव्या वर्षाचा विचारा, आणि तो कुठल्या करातून किंवा कुठल्या खर्चाला कापून येणार हेही. त्याला लगेच सांगता आलं नाही तर रागावू नका, लेखी पाठवायला सांगा आणि तुमचा पत्ता द्या.